भिंतीवरची तलवार, हातातली तलवार

१/
पिंपरीतील एका दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर सात तलवारी टांगलेल्या आहेत. त्यांपैकी एकही कधी लढाईत गेलेली नाही. सातही तलवारी चित्रपटांतील कल्पित राजे, रानटी योद्धे आणि परीकथेतील बुटके यांच्या शस्त्रांच्या प्रतिकृती आहेत. त्यांचा मालक वाहनांच्या स्प्रिंगा तयार करणाऱ्या एका कारखान्यात, पोलादाला उष्णता देऊन पाणी चढविण्याच्या विभागात काम करतो. हा धागा त्याच्या संग्रहाविषयी आहे आणि त्या संग्रहाला वळण देणाऱ्या एका प्रश्नाविषयी आहे. ही तलवार खरोखर चालली असती का, हा तो प्रश्न.

२/
संग्रहातील पहिली तलवार अँडुरिलची. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत नार्सिल नावाची एक प्राचीन तलवार युद्धात भंगते. पुढे तिचे तुकडे जोडून ती पुन्हा घडविली जाते, तेव्हा तिला अँडुरिल हे नाव मिळते. पीटर जॅक्सनच्या २००१, २००२ आणि २००३ साली आलेल्या तीन चित्रपटांनी ही तलवार जगभर पोहोचविली. अ‍ॅरागॉर्नच्या हातातील ते लांब, सरळ, दुधारी पाते पाहून आपल्या संग्राहकाने शाळेत असतानाच ठरविले होते की पहिल्या पगारातून तीच घ्यायची. त्याने ती घेतलीही. मात्र मूळ परवानाधारक प्रतिकृती परवडणारी नव्हती, म्हणून त्याने एका विक्रेत्याकडून स्वस्तातली नक्कल मागविली.

३/
चित्रपटात ‘एक’ तलवार कधीच नसते, हे येथे सांगितले पाहिजे. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरातील वेटा वर्कशॉपने या चित्रपटांसाठी एकेका शस्त्राच्या अनेक आवृत्त्या केल्या. जवळून चित्रित होणारी तलवार पोलादाची असे आणि ती पीटर लायन या तलवारकाराने घडविलेली असे. द्वंद्वाच्या प्रसंगांत हलक्या अ‍ॅल्युमिनियमची तलवार वापरीत, आणि पडझड, घोडदौड, गर्दी यांसाठी रबरी. कॅमेऱ्याला तिन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे ‘चित्रपटातील तलवार व्यवहार्य होती का’ असे विचारताना त्यांतील कोणती, हे आधी विचारावे लागते. बाजारात मिळणारी प्रतिकृती तर चौथीच वस्तू होय. तिचे रूप पोलादी तलवारीचे असते, पण तिला काम भिंतीवर टांगून राहण्याचेच असते.

४/
हा भेद संग्राहकाला फार उशिरा कळला, आणि तोही कोल्हापुरात. त्याची बहीण तेथे राहते. तिचा तेरा वर्षांचा मुलगा एका आखाड्यात मर्दानी खेळ शिकत होता. शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्याला लाठी आणि तलवार फिरवायची होती. भाच्याने हट्ट धरला, “मामा, तुझी ती मोठी तलवार आण ना. आमच्याकडं तशी कुणाचीच नाही.” मामाला त्या शब्दांचा अभिमान वाटला. कापडात नीट गुंडाळून तो अँडुरिल घेऊन गेला आणि मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी मामाभाचे आखाड्यात पोहोचले. पोरे भोवती जमली. पात्यावर कोरलेली ती अनोळखी अक्षरे प्रत्येकाला बोटाने चाचपून पाहायची होती.

५/
वस्तादांनी तलवार हातात घेतली. ती फिरवून पाहण्याऐवजी त्यांनी ती कानाशी नेली आणि मुठीवर तळहाताने दोनदा थाप मारली. आतून बारीक खडखड आली. पुन्हा थाप मारली, पुन्हा तोच आवाज. “पाव्हणं, तलवार देखणी हाय,” ते म्हणाले, “पण हिच्या पोटात कायतरी हलतंय.” मग त्यांनी पक्कड मागविली आणि मुठीच्या टोकाचा गोळा फिरवायला घेतला. तो नटासारखा सुटला. चामड्याचा देखावा केलेली मूठ मोकळी होऊन हातात आली. रुंद पाते जेथे मुठीत शिरते तेथे ते एकाएकी संपत होते, आणि त्याला करंगळीहून बारीक अशी आटे पाडलेली सळई जोडलेली होती. जोड वेल्डिंगचा होता आणि त्या जोडावर केसाएवढी चीर गेली होती.

६/
वस्तादांनी ती चीर सगळ्या पोरांना दाखविली. नंतर संग्राहकाकडे वळून ते शांतपणे म्हणाले, “पोराच्या हातात हिला द्यायची न्हाई. भिंतीवर लावा, पूजा करा, पण फिरवू नका.” त्या आवाजात उपहास नव्हता, आणि त्यामुळेच मामाला ते अधिक लागले. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायकामुले दाटीने उभी होती. पोरगा आखाड्याची साधी, बोथट, जुनी तलवार गरगरा फिरवीत होता. मामाच्या डोळ्यांपुढे मात्र एकच चित्र येत राहिले: मूठ पोराच्या हातात राहिली आहे आणि मीटरभर पाते गर्दीत गेले आहे. पोलादातील चीर ओळखणे हे त्याचे रोजचे काम होते. स्वतःच्या घरातील तलवार त्याने कधी उघडूनच पाहिली नव्हती.

७/
परतल्यावर त्याने भिंतीवरच्या सर्व तलवारी खाली उतरविल्या आणि एक वही केली. प्रत्येक तलवारीला दोन पाने दिली. पहिल्या पानावर चित्रपट, वर्ष आणि पडद्यावरील प्रसंग. दुसऱ्या पानावर वजन, समतोलाचा बिंदू, पात्याची जाडी, पोलाद, आणि मुठीच्या आत काय आहे याची नोंद. साधने साधी होती. वाण्याकडे असतो तसा वजनकाटा, मोजपट्टी, कारखान्यात वापरतात ते व्हर्निअर, आणि एक पक्कड. या पाच कसोट्या कोणालाही लावता येतात, आणि इतिहासातील खऱ्या तलवारींनाही त्या तितक्याच लागू पडतात. म्हणून त्या एकेक करून पाहू.

८/
पहिली कसोटी, वजन. मध्ययुगीन युरोपातील एका हाताने चालविण्याची तलवार साधारण १.१ ते १.५ किलोची असे. दोन्ही हातांनी धरता येणारी लांब तलवार बहुधा १.३ ते १.८ किलोच्या दरम्यान भरते. सोळाव्या शतकातील खांद्यावरून वाहून नेण्याच्या प्रचंड दुहाती तलवारीही लढाईच्या असतील तर दोन ते साडेतीन किलोंच्या आत बसतात. आपल्याकडची तलवार सामान्यतः एक किलोच्या आसपास असते. संग्राहकाची अँडुरिलची नक्कल अडीच किलो भरली. आकार लांब तलवारीचा आणि वजन जवळजवळ दीडपट. दोन मिनिटे फिरविली की मनगट बोलू लागे.

९/
मग ‘पूर्वीचे लोक वीस-वीस किलोंच्या तलवारी फिरवीत’ ही समजूत कोठून आली? तिचा एक उगम संग्रहालयांत आहे. युरोपात मिरवणुकीत राजापुढे उभी धरून नेण्यासाठी मुद्दाम मोठ्या, जड तलवारी करीत असत. त्या मानचिन्हे होत्या. शिवाय एकोणिसाव्या शतकात वाड्यांच्या भिंती सजविण्यासाठी जुन्या शस्त्रांच्या नकला मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या आणि त्यांतील काही पुढे अस्सल म्हणून संग्रहांत शिरल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे. शोभेची वस्तू पुरेशी जुनी झाली की पुरावा म्हणून पुढे येते. समाजमाध्यमांवर एखाद्या वीराच्या तलवारीचे मणाच्या हिशेबातले वजन वाचनात आले, तर ती कोणी, कोठे आणि कशावर तोलली, एवढे तरी विचारावे.

१०/
दुसरी कसोटी, समतोल. तलवार एका बोटावर आडवी ठेवावी. ज्या जागी ती डोलत न पडता स्थिर राहते तो तिचा समतोलबिंदू. बहुतेक सरळ दुधारी युद्धतलवारींत हा बिंदू परजेपासून, म्हणजे हात राखणाऱ्या आडव्या पट्टीपासून, चार बोटे ते वीतभर अंतरात असतो. कापण्यावर भर असलेल्या तलवारीत तो थोडा पुढे सरकतो. अँडुरिलच्या नकलेत तो एकवीस सेंटिमीटर पुढे निघाला. वजन हातापासून जितके दूर, तितके ते वळवायला अवघड. हे अवघडपण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून टोकाकडचे पन्नास ग्रॅम मुठीजवळच्या पन्नास ग्रॅमपेक्षा कितीतरी अधिक त्रास देतात. वार चुकला की तलवार लगेच मागे घेता आली पाहिजे. न आल्यास पुढचा वार शत्रूचा असतो.

११/
तिसरी कसोटी या दुसरीचे कारण सांगते. अस्सल पाते मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे जाता जाता दोन-अडीच मिलिमीटरवर येते. समोरून पाहताना हे कळत नाही, पाते कडेने पाहिले की कळते. लोहार ही उतरती जाडी घणाच्या प्रत्येक घावाने साधतो, आणि त्यात वेळ जातो. स्वस्त प्रतिकृती एकाच जाडीच्या पत्र्यातून कापून काढतात. संग्राहकाच्या सातपैकी पाच तलवारी मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीच्या निघाल्या. पात्यावरची लांब खोबण रक्त वाहून जाण्यासाठी असते ही समजूतही अशीच खोटी आहे. खोबणीमुळे धातू कमी लागतो, वजन घटते, आणि तरीही पाते पुरेसे ताठ राहते. इमारतीत वापरतात त्या आय आकाराच्या तुळईमागे हेच तत्त्व आहे.

१२/
चौथी कसोटी, पोलाद. येथे संग्राहक आपल्या घरच्या मैदानावर होता. प्रतिकृती बहुधा स्टेनलेस पोलादाच्या असतात, कारण त्या चमकतात आणि गंजत नाहीत. स्वयंपाकघरातील सुरीला हे पोलाद उत्तम, कारण सुरी लहान असते आणि तिला वाकावे लागत नाही. मीटरभर पात्याला मात्र आघात सोसून वाकावे लागते आणि पुन्हा सरळ व्हावे लागते. तलवारीसाठी म्हणूनच मध्यम कार्बनचे किंवा स्प्रिंगचे पोलाद घेतात. ते तापवून तेलात विझविले की कठीण पण ठिसूळ होते. मग कमी उष्णतेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. मालमोटारीचा स्प्रिंगपाटाही याच रीतीने तयार होतो. चांगली तलवार आणि खड्ड्यांतून जाणारी मालमोटार एकाच गुणावर टिकतात, असे तो कारखान्यातील मित्रांना हसत सांगे.

१३/
पाचवी कसोटी मुठीच्या आतली. पात्याचा जो भाग मुठीत जातो तो पात्याच्याच धातूचा, अखंड आणि पुरेसा रुंद असावा. वेल्डिंगने जोडलेल्या सळईला परदेशातील संग्राहक ‘उंदराची शेपटी’ म्हणतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारच्या पोलादावर चढविलेले पाणी बिघडते, आणि आघाताचा सगळा ताण नेमका तेथेच येतो. हे सारे वहीत लिहून झाल्यावर त्याने खाली नियम लिहिला: शेपूट लांब व रुंद असेल तरच तलवार खरी. पुढे काही महिन्यांनी त्याला हा नियम खोडावा लागला.

१४/
कारण आपली भारतीय तलवार. तिच्या पोलादी मुठीला खाली कटोरी असते, कटोरीवर मोगरा असतो. या पोकळ मुठीत पात्याचे शेपूट बरेचदा आखूडच असते आणि ते लाखेसारख्या चिकट मिश्रणाने बसविलेले असते. मूठ तापविली की लाख मऊ होते आणि पाते सुटते. म्हणूनच एकाच पात्याला पुढच्या पिढीत नवी मूठ बसविता येई. संग्राहकाच्या नियमाप्रमाणे ही तलवार नापास ठरते, तरी तिनेच शतकानुशतके घोडदळाच्या लढाया लढल्या. येथे अखंड धातूची मूठ पात्याला चहूबाजूंनी आवळून धरते, आणि तिची वार करण्याची रीतही निराळी असते. जाड लाकडी मुठीतली लांब शेपटी हा एका संस्कृतीचा उपाय आणि लाखेने भरलेली पोलादी मूठ हा दुसरीचा. कसोटी बाहेरून उचलून आणली की अशी फसवते.

१५/
आता वहीतील निकाल पाहू. अँडुरिलची रचना निर्दोष म्हणावी इतकी समंजस आहे. सरळ पाते, लांब खोबण, साधी आडवी परज, दोन हातांना पुरणारी मूठ. मध्ययुगीन युरोपातील लांब तलवारीच्या शेजारी ती शोभून दिसते. यात नवल नाही, कारण या चित्रपटांच्या कल्पनाचित्रकारांपैकी जॉन हाउ हा स्वतः मध्ययुगीन शस्त्रास्त्रांचा आणि पोशाखांचा अभ्यासू हौशी आहे. अ‍ॅरागॉर्नची भूमिका करणारा व्हिगो मॉर्टेन्सन सरावातही पोलादी तलवारच जवळ बाळगीत असे. द्वंद्वे बसविणारा बॉब अँडरसन हा १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरलेला तलवारबाज होता. संग्राहकाने लिहिले: रचना उत्तीर्ण, मूळ तलवार उत्तीर्ण, माझी नक्कल अनुत्तीर्ण.

१६/
दुसरे पान ‘कॉनन द बार्बेरियन’चे, १९८२. जॉन मिलियसच्या या चित्रपटातील तलवारींची रचना रॉन कॉबची आणि घडण जोडी सॅम्सनची. रुंद जाड पाते, नक्षीने लादलेली भरीव मूठ. पडद्यावर आर्नोल्ड श्वार्झनेगरचे दंड आणि ही तलवार एकमेकांना शोभतात. कियोशी यामाझाकी या जपानी शस्त्रविद्येच्या शिक्षकाने त्याच्याकडून कसून सराव करून घेतला होता. तरीही वजनाच्या कसोटीवर ही तलवार उतरत नाही. येथे रचनाकाराला प्राचीन काळाचे ओझे दाखवायचे होते आणि ते त्याने दाखविले. ती मिरवणुकीच्या तलवारींच्या कुळातली आहे असे धरले की तिच्यावरचा राग मावळतो.

१७/
याच चित्रपटाच्या आरंभी बाप तलवार घडवितो. वितळलेले पोलाद उघड्या साच्यात ओतले जाते. ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’मध्ये सारूमानच्या भट्ट्यांत असेच दृश्य आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या चौथ्या पर्वाची सुरुवात, २०१४, एका प्राचीन तलवारीला वितळवून तिच्या दोन तलवारी ओतण्याने होते. दृश्य डोळे दिपविणारे आहे, इतिहास चुकीचा आहे. लोखंडी तलवार ओतून करीत नाहीत, ती घडवितात. धातूचा गोळा तापवून, ठोकून, लांबवून पाते निघते. आपल्याकडच्या उख्ख पोलादासाठी, ज्याला जग वूट्झ म्हणून ओळखते, मुशीत धातू वितळवीत हे खरे. पण मुशीतून निघे ती लहानशी वडी, आणि तिची तलवार घणाखालीच होई. तेलंगणातील निर्मल आणि कोनासमुद्रम हा परिसर या पोलादासाठी प्रसिद्ध होता.

१८/
तरी ओतलेली तलवार ही निव्वळ चित्रपटाची कल्पना नव्हे. कांस्ययुगात तलवारी खरोखरच साच्यात ओतीत असत, आणि त्यांचा आकार बरेचदा झाडाच्या पानासारखा असे: मुठीजवळ अरुंद, पुढे फुगीर, शेवटी टोकदार. संग्राहकाच्या भिंतीवरील सर्वांत लहान प्रतिकृती, फ्रोडोची ‘स्टिंग’, नेमकी याच आकाराची आहे. कादंबरीत ती एल्फांची कट्यार आहे, बुटक्याच्या हातात तीच तलवार होते. पानाचा फुगवटा वजन वार करण्याच्या जागी आणतो, म्हणून आखूड शस्त्रालाही कापण्याचे बळ मिळते. लांबी कमी असल्याने समतोल बिघडत नाही. वहीतील तिच्या पानावर पाचपैकी चार खुणा आहेत. हातात सर्वांत चांगली बसणारी हीच, असे तो सांगतो.

१९/
एक कसोटी त्याने आरशापुढे उभे राहून लावली. कल्पनापटांतील वीर पाठीवर तलवार बांधतात आणि खांद्यावरून झटक्यात उपसतात. त्याने म्यान पाठीवर बांधले आणि तलवार उपसू लागला. हात पूर्ण ताणला तरी पात्याचा उरलेला भाग म्यानातच अडकून राहिला, कारण पाते हातापेक्षा लांब होते. पडद्यावर तलवार निम्मी बाहेर आली की दृश्य बदलते आणि पुढच्या दृश्यात ती हातात असते. प्रवासात लांब शस्त्र पाठीवर वाहता येते, पण वेळ आल्यावर ते तेथून उपसता येत नाही. कंबर ही जागा माणसाच्या हाताच्या लांबीने ठरविलेली आहे.

२०/
वर्षभराने तो पुन्हा कोल्हापुरास गेला, तो वही घेऊनच. वस्तादांनी पाने चाळली आणि भाच्याला दांडपट्टा आणायला सांगितला. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोबळी, आत आडवी मूठ, पुढे लांब, लवलवते पाते. मनगट जवळजवळ जखडलेले. “हिला किती खुणा?” त्यांनी विचारले. संग्राहकाने मनाशी हिशेब केला. समतोल फार पुढे, पाते फार लवचीक, मनगट वळत नाही. कल्पनापटात प्रथम पाहिला असता तर त्याने दांडपट्ट्याला अव्यवहार्य ठरविले असते. मग पोरगा फिरू लागला. वार मनगटातून येतच नव्हता. खांदा, कंबर आणि पायांची चाल मिळून पात्याला गती देत होती, आणि जमिनीवर ठेवलेली लिंबे एकेक करून दोन फाकांत पडत होती.

२१/
त्या संध्याकाळी वहीत एक नवा रकाना आला: ‘कोणाच्या हातात, कोणत्या चालीने?’ फिरंगी तलवारीचा इतिहासही हेच शिकवतो. युरोपातून आलेली सरळ पाती दख्खनेत लोकप्रिय झाली, पण त्यांना मूठ बसविली ती आपली. पाते परके, पकड घरची. मागणी एवढी होती की नामांकित युरोपीय पात्यांवरील खुणा इकडच्या पात्यांवरही उठविल्या जात. म्हणजे नक्कल ही काही आजच्या बाजाराची देणगी नव्हे. फरक एवढाच की त्या नकलेवर कोणाचा तरी जीव अवलंबून असे, म्हणून खूण खोटी असली तरी पाते खरे असावे लागे. भिंतीवरच्या नकलेला ही सक्ती उरलेली नाही.

२२/
या धाग्याने कोणाला संग्रहाचा मोह झालाच, तर दोन व्यावहारिक गोष्टी. भारतातील शस्त्र कायदा १९५९चा आहे. त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे, म्हणून खरेदीपूर्वी आपल्या भागातील नियम पोलीस ठाण्यात विचारून घ्यावा. प्रतिकृतीला धार लावू नये आणि ती रस्त्यावर मिरवू नये. आणि मूठ उघडून पाहिल्याखेरीज कोणतीही तलवार कोणाच्याही हातात, विशेषतः मुलांच्या हातात, देऊ नये.

२३/
अँडुरिल आजही भिंतीवर आहे. संग्राहकाने ती दुरुस्त केलेली नाही. पुन्हा वेल्डिंग केले तर चीर झाकली जाईल, पण जोड खरा होणार नाही, हे तो जाणतो. मूठ काढून त्याने ती पात्याखाली वेगळी टांगली आहे, त्यामुळे बारीक सळई आणि तिच्यावरची चीर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. गेल्या दिवाळीत भाचा पिंपरीस आला. बराच वेळ तो त्या तलवारीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, गोष्टीतही ही आधी तुटलेलीच असते ना?” मामाने होकार दिला. मग पोराने शेजारची नवी आणलेली तलवार खाली उतरविली, ती कानाशी नेली, मुठीवर तळहाताने दोनदा थाप मारली आणि ऐकत राहिला.

(धागा समाप्त)